ओढ्याच्या पाण्यावर पेटलेले दिवे

पावसाळ्यात हरवळ्याचा धबधबा पाहावयास आपल्यापैकी बरेच जण जातात. अंगावर तुषार घेतात, मुलांना काठापासून दूर ओढतात आणि घरी परततात. एवढ्या पाण्यावर आपल्या वाड्यातले दिवे लागणार नाहीत का, असे एखादे मूल विचारते आणि मोठी माणसे हसून वेळ मारून नेतात. प्रश्न मात्र हसण्यासारखा नाही. त्याचे उत्तर डोंगरातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी एकदा स्वतःच्या हातांनी दिले आहे. ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांत बिलगाव आहे. वस्ती आदिवासींची, पाड्यापाड्यांत विखुरलेली. गावाजवळून उदई नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. विजेच्या तारा तेथवर पोहोचल्याच नव्हत्या. रात्र म्हणजे रॉकेलची चिमणी. चिमणीच्या काजळीने डोळे चुरचुरतात, बंद घरात तो धूर लहान मुलांच्या आणि बाळंतिणीच्या छातीत जातो, आणि धडा वाचायचा तर ज्योतीला नाक लावून बसावे लागते. आपल्याकडील वडीलधाऱ्यांना हे सांगावयास नको. त्यांनी ते दिवस पाहिले आहेत.

केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या गटाचे अनिलकुमार व मधुसूदनन हे दोन तरुण अभियंते नर्मदेच्या खोऱ्यात आले. आधी त्यांनी डोमखेडी गावी एका लहानशा ओहोळावर प्रयोग करून पाहिला, आणि मग बिलगावचे काम हाती घेतले. आकडेमोड त्यांची, पण बांध घालण्याचे आणि पाट खणण्याचे श्रम गावकऱ्यांचे. जानेवारी २००३ मध्ये बिलगावात दिवे लागले. यंत्र १५ किलोवॅटचे, घरे सुमारे ३००, पाडे १२. भागाकार केला तर घरामागे ५० वॅट पडतात. म्हणजे त्या काळचा एक बल्ब. शहरातल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. ज्याच्या घरात कधी बल्बच नव्हता त्याला विचारून पाहावे!

आता हे चालते कसे ते पाहू. कुळागराला पाणी देणाऱ्यांना ते चटकन कळेल, कारण निम्मे काम आपण करतोच. ओढ्याला वरच्या अंगाला बांध घालायचा आणि पाणी पाटाने डोंगराच्या कडेकडेने जवळजवळ सपाटीवर आणायचे. आपण तेथून ते पोफळीला सोडतो. बिलगावसारख्या ठिकाणी ते जाड नळातून एकदम खाली सोडतात. खाली पात्यांचे चाक असते. पाण्याच्या माऱ्याने ते फिरते व त्याला जोडलेले जनित्र वीज देते. नळाच्या तोंडाशी जाळी लागते, नाहीतर पालापाचोळा आत जाऊन सगळे ठप्प होते. हे रोजचे काम आहे, आणि ते दूरच्या कचेरीतला साहेब येऊन करणार नाही. म्हणून यंत्र ज्याचे, त्यालाच ते चालवता आले पाहिजे. बिलगावात गावचेच तरुण ते शिकले.

शक्तीचा हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला १ लिटर पाणी १ मीटर खाली पडले की साधारण १० वॅट शक्ती असते. लहान यंत्रात तिच्यातली निम्मी घर्षणात जाते असे धरावे. हाती राहतात ५. तेव्हा पाणी किती आणि उतार किती, एवढ्या दोनच गोष्टी मोजायच्या.

बिलगावचे दिवे फार वर्षे राहिले नाहीत. सरदार सरोवर धरणाची भिंत २००६ साली १२१.९२ मीटरवर नेली गेली, आणि त्याच पावसाळ्यात फुगलेल्या पाण्याने बिलगावचे वीजघर बुडाले. त्या धरणाची वीजघरे १,४५० मेगावॅटची आहेत आणि विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. देशाला मोठी वीज लागते हे आम्हाला मान्य आहे. पण ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांचाच स्वतः लावलेला दिवा विझावा, हे आमच्या मनाला पटत नाही. आणि हे दूरचे गाऱ्हाणे समजू नये. पेडणे व डिचोलीच्या शेतांना तिळारीचे जे पाणी येते, त्या धरणाखालीही दोडामार्ग भागातली गावे गेली. कालव्याची पाळी घेताना त्यांची आठवण ठेवायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे असे काही होईल का, असे विचारणाऱ्यांनी आधी एप्रिलमध्ये ओढ्यावर जावे, जुलैत नव्हे. जुलैत प्रत्येक ओहोळ नदीच वाटतो. पाणी एका नळीत वळवून १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. ५ सेकंदांत भरली तर सेकंदाला ३ लिटर. उतार १० मीटर असेल तर वरच्या हिशेबाने १५० वॅट, म्हणजे हल्लीचे ९ वॅटचे एलईडी दिवे सोळा. बादली भरायला मिनिट लागत असेल किंवा ओढा कोरडाच असेल, तर यंत्राचा नाद सोडावा व छपरावरच्या सौर पाट्यांचा विचार करावा. काही घरांना दोन्ही जुळतील: पावसात ऊन दडी मारते तेव्हा ओढा भरलेला असतो, आणि उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा ऊन भरपूर असते. डिचोलीकडे खाणींच्या खंदकांमुळे जेथे झरे खोल गेले आहेत, तेथे मात्र जुन्या माणसांच्या आठवणीवर न जाता चालू वर्षाचेच पाणी मोजावे.

आणखी एक. चाकावरून गेलेले पाणी संपत नाही, ते पुन्हा ओढ्यात येते. पण बांध आणि चाक यांच्या मधल्या पट्ट्यात ओढा सुकतो. त्या पट्ट्यावर कोणाचे कुळागर असेल, तर बांधाचा पहिला दगड ठेवण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारावे.