काठमांडूचे पत्र : मतपत्रिकेतला दलित महिलेचा रकाना

नेपाळच्या स्थानिक निवडणुकीत मतदाराच्या हाती पडणारी मतपत्रिका चांगली लांबरुंद असते. तिच्यावर स्वस्तिकाचा शिक्का सात वेळा मारायचा असतो. पालिकेचा प्रमुख, उपप्रमुख आणि वॉर्डाचा अध्यक्ष यांच्यासाठी एकेक, दोन खुल्या सदस्यांसाठी दोन, महिला सदस्यासाठी एक, आणि आणखी एक रकाना फक्त दलित महिला सदस्याचा. देशात ६,७४३ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डात हा रकाना आहे. काठमांडूतला बाहुन (पहाडी ब्राह्मण) प्राध्यापक असो की मुगूच्या डोंगरातला मेंढपाळ, सगळ्यांना तिथे एका दलित बाईच्या चिन्हावर शिक्का उमटवायचा असतो. दक्षिण आशियात स्त्रियांसाठी राखीव जागा अनेक देशांत आहेत. पण स्त्रियांच्या कोट्यात जातीचा कोटा कायद्याने असा थेट प्रत्येक वॉर्डापर्यंत नेण्याचे धाडस नेपाळने केले, आणि त्याचे मोल मला फार मोठे वाटते.

याच देशाने १८५४ मध्ये पंतप्रधान जंगबहादूर राणाच्या मुलुकी ऐनातून (देशाच्या कायदेसंहितेतून) जातींची उतरंड आणि अस्पृश्यता कायद्यात लिहून ठेवली होती. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या हातचे चालत नाही, हे सरकारी कागदावर ठरत होते. १९६३ च्या नव्या ऐनाने ते पान पुसले, गावातली वहिवाट मात्र राहिली. पुढे १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे माओवादी युद्ध चालले आणि त्यात बंदूक उचलणाऱ्यांत स्त्रिया आणि दलित मोठ्या संख्येने होते. युद्ध थांबल्यावर त्यांना परत चुलीपाशी आणि गावकुसाबाहेर पाठवणे कोणत्याच पक्षाला शक्य नव्हते. २००८ च्या संविधान सभेत ६०१ पैकी १९७ स्त्रिया बसल्या. २० सप्टेंबर २०१५ रोजी संविधान लागू झाले. २०१७ मध्ये तब्बल वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या आणि ६,५६७ दलित स्त्रिया वॉर्ड सदस्य म्हणून निवडून आल्या. राहिलेल्या १७६ जागा उमेदवारच न मिळाल्याने रिकाम्या गेल्या.

साडेसहा हजार! कामी, दमाई, सार्की, तराईतल्या चमार, मुसहर, डोम अशा घरांतल्या या बायका. त्यांतल्या अनेकींच्या आजींना गावच्या पाणवठ्यावर घागर टेकवायला मज्जाव होता.

आता त्यांच्या हाती काय आले ते पाहू. पालिकेच्या कार्यकारिणीवर वॉर्डाचा अध्यक्ष पदसिद्ध बसतो. वॉर्ड सदस्याला तिथे जायचे तर पालिका सभेतून पुन्हा निवडून यावे लागते. राष्ट्रीय सभेसाठी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, प्रदेश सभेचे सदस्य आणि पालिकांचे प्रमुख व उपप्रमुख मत देतात. वॉर्ड सदस्याला ते मत नाही. रस्ता कुठून जाईल, नळ कोणत्या वस्तीपर्यंत येईल, विधवाभत्त्याच्या शिफारशीवर सही कोणाची, या सगळ्यांत वजन अध्यक्षाचे. दलित महिला सदस्य बैठकीला येते, उपस्थितीच्या वहीत सही करते आणि बऱ्याचदा तिच्या कामाची हद्द तिथेच संपते. तिला बोलता येत नाही म्हणून असे होते, असे इथले पुढारी सांगतात. मला ते साफ खोटे वाटते. बोलून काही ठरत नाही अशी खुर्ची कायद्यानेच तिला दिली आहे.

मराठी वाचकाला इथे पुणे कराराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९३२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघ का मागत होते? राखीव जागेवरचा प्रतिनिधी सगळ्यांच्या मतांवर निवडून यायचा असेल, तर तो बहुसंख्यांना न दुखावणाराच असणार, ही त्यांची भीती होती. नेपाळच्या वॉर्डात आज नेमके हेच घडते. उमेदवार पक्ष ठरवतो, पक्षाचा गावातला माणूस बहुधा बाहुन, छेत्री किंवा एखादा बडा जमीनदार असतो, आणि मते संपूर्ण वॉर्डाची लागतात. जी बाई गावच्या देवळात दलितांना का येऊ देत नाहीत असे विचारील, तिचे नाव यादीतून पहिल्या चाळणीतच गळते. बाबासाहेब १९५६ च्या नोव्हेंबरात, निधनाच्या काही दिवस आधी, जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच काठमांडूत आले होते. इथल्या दलित चळवळीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण संयुक्त मतदारसंघाविरुद्धचा त्यांचा युक्तिवाद इथल्या संविधानाच्या चर्चेत जितका पुढे यायला हवा होता तितका आला नाही.

गावातल्या या जातीच्या सत्तेची किंमत कधी कधी फार भयंकर असते. मे २०२० मध्ये जाजरकोटचा एक दलित तरुण आपल्या वरच्या जातीतल्या प्रेयसीला आणायला मित्रांसह रुकुम पश्चिममधल्या सोती गावी गेला. जमावाने त्यांचा पाठलाग केला. सहा तरुणांचे जीव गेले, मृतदेह भेरी नदीत सापडले. आरोपींमध्ये त्या वॉर्डाचा अध्यक्षही होता. अशा अध्यक्षाशेजारी दलित महिला सदस्याने बसायचे आणि अस्पृश्यतेच्या तक्रारी मांडायच्या, अशी ही रचना आहे.

एक पायरी वर चढले की गोष्ट बदलते. कायदा म्हणतो की एखादा पक्ष पालिकेच्या प्रमुख आणि उपप्रमुख या दोन्ही पदांना उमेदवार देत असेल, तर त्यांपैकी एक स्त्री हवी. कोणते पद स्त्रीला द्यायचे, हे कायद्याने पक्षांवर सोडले आणि पक्षांनी ते ठरवायला क्षणभरही वेळ घेतला नाही. २०१७ मध्ये ७५३ पालिकांत प्रमुखपदी १८ स्त्रिया आल्या आणि उपप्रमुखपदी ७००.

तरीही उपप्रमुख हे पद वॉर्ड सदस्यासारखे पोकळ नाही. संविधानाच्या २१७ व्या कलमाने न्यायिक समितीचे संयोजकपद उपप्रमुखाला दिले आहे. बांध, पाटाचे पाणी, गुरांनी खाल्लेले पीक, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणारी मुले, असे तेरा प्रकारचे तंटे ही समिती निकाली काढते आणि आणखी अकरा प्रकारांत समेट घडवते. पालिकेच्या अंदाजपत्रकाचा आराखडा करणारी समितीही उपप्रमुखाच्याच हाताखाली असते. ज्या बायकांनी कधी तहसिलाची पायरी चढली नव्हती, त्या बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकून निकाल देऊ लागल्या. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन पोलीस चौकीत जायला बिचकणारी बाई पालिकेत उपप्रमुखाकडे येऊ लागली. पदाला अधिकार जोडला की कोट्यातून आलेली बाई काय करू शकते, हे इथे दिसले. इथल्या प्रयोगातली मला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट हीच.

आणि याच गोष्टीवर पक्षांनी घाव घातला. २०२२ मध्ये नेपाळी काँग्रेस, माओवादी आणि इतर तीन पक्षांनी आघाडी केली. एका पक्षाने प्रमुखाचा उमेदवार दिला, दुसऱ्याने उपप्रमुखाचा. कायदा एकाच पक्षाच्या जोडीला लागू होतो, त्यामुळे दोन्ही जागी पुरुष उभे करता आले. २०१७ मध्ये उपप्रमुखांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या, २०२२ मध्ये त्या सुमारे तीन-चतुर्थांश उरल्या. प्रमुखपदी मात्र १८ च्या जागी २५ झाल्या. स्त्रीला उपप्रमुख करणाऱ्या पक्षांनी पाच वर्षांत तिला प्रमुखपदाची बढती क्वचितच दिली, उलट अनेक ठिकाणी आहे ते पदही काढून घेतले.

संघीय संसदेचे चित्र याहून वेगळे नाही. प्रतिनिधी सभेच्या २७५ जागांपैकी १६५ थेट लढतीच्या आणि ११० समानुपातिक यादीच्या. प्रत्येक पक्षाच्या संसद सदस्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, हे संविधानात आहे. २०२२ मध्ये थेट लढतीतून फक्त ९ स्त्रिया जिंकल्या, कारण जिंकण्यासारखे मतदारसंघ पुरुषांनी आपल्याकडे ठेवले. उरलेला आकडा यादीने भरला. थेट निवडून आलेला दलित सदस्य सबंध देशातून एक होता, आणि देशाच्या लोकसंख्येत दलित १३ टक्क्यांच्या वर आहेत. यादीत कोणाचे नाव घालायचे हे नेतृत्व ठरवते. नेत्यांच्या घरातल्या, नात्यातल्या आणि पैसेवाल्या उमेदवारांना त्या जागा दिल्याचा आरोप प्रत्येक निवडणुकीनंतर होत आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा पुढाऱ्यांच्या मुलाबाळांच्या चैनीचा राग त्यांच्या घोषणांत होता. त्या उठावानंतर सुशीला कार्की या देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, तेही हंगामी सरकारच्या प्रमुख म्हणून. तोवर कोणत्याही पक्षाने स्त्रीला त्या पदावर बसवले नव्हते.

माझे मत सांगतो. वॉर्डातला दलित महिलेचा रकाना रद्द करा, कारण तो नावापुरता आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो रकाना नसता तर त्या साडेसहा हजार बायका घरातच राहिल्या असत्या. तो रकाना वरच्या पायऱ्यांवर चढवला पाहिजे, अंदाजपत्रक आखताना वॉर्ड सदस्याच्या शब्दाला वजन दिले पाहिजे, आणि आघाडीची पळवाट बंद करून प्रमुखपदांचा ठरावीक हिस्सा थेट स्त्रियांसाठी राखला पाहिजे.

आपल्याकडे २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा ठेवणारा कायदा मंजूर केला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा हिस्सा आहे, इतर मागासवर्गीय स्त्रियांचा नाही. महाराष्ट्रात पंचायतींतला पन्नास टक्क्यांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे, तेव्हा पक्ष कोणत्या घरातली बाई निवडतो हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून वाचकांना एवढीच विनंती : तुमच्या आमदाराला आतापासून विचारायला लागा की राखीव जागेवर पक्ष कोणाला उभे करणार, आणि ती नावे ज्या बैठकीत ठरतात तिथे किती स्त्रिया आणि किती दलित बसतात.