पिल्लू शूचं पॅड फाडतं, तेव्हा काय करायचं?

कुत्र्याचं पिल्लू फ्लॅटमध्ये आलं की त्याच्यामागोमाग शू-शीच्या पॅडचं पाकीटही येतं. त्याला कारण आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनुसार आपल्याकडे मनाई आहे. म्हणजे पिल्लू घरी येतं तेच साधारण दोन महिन्यांचं होऊन. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी मात्र सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन, दर दोन-चार आठवड्यांनी एक अशा, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. तोवर जिथे इतर कुत्र्यांचा वावर आहे अशा रस्त्यावर किंवा सोसायटीच्या आवारात त्याला खाली सोडू नका, असं डॉक्टर बजावतात. मग मुंबई-पुण्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याची सोय करायची कुठे? घरात, पॅडवर. आणि नेमकं तेच पॅड पिल्लू फाडून खोलीभर पसरतं.

बहुतेक घरांत यावर पिल्लाला ओरडा बसतो, कधी एखादी चापटीही. त्यानं पॅड वाचत नाही. ते वाचतं घरातल्या मांडणीनं आणि वेळापत्रकानं. ही मांडणी कशी करायची हे कळायला आधी पिल्लू पॅड फाडतं तरी का, ते पाहायला हवं.

पॅडमध्ये असतं काय?

वापरून फेकायच्या पॅडची रचना लहान बाळाच्या डायपरसारखीच असते. वर पातळ, मऊ कापडासारखा थर, त्याखाली लाकडाच्या लगद्यापासून केलेला कापूस, त्यात मिसळलेले सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक दाणे आणि तळाशी प्लॅस्टिकचा कागद. हे दाणे स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओलावा शोषून फुगतात आणि त्यांची चिकट जेली होते. बऱ्याच पॅडना पिल्लाला खेचून आणणारा वासही लावलेला असतो.

आता जमिनीपासून वीतभर उंचीच्या पिल्लाच्या नजरेनं बघा. पॅडचा एक कोपरा पंख्याच्या वाऱ्यानं हलतो. पिल्लू तिथे जातं, हुंगतं, पुढचे दोन्ही पाय पॅडवर रोवतं आणि समोरच्या बारीक दातांनी तो कोपरा चिमटीत धरतं. मानेला एक झटका देतं. टर्र आवाज येतो, आतून पांढरा कापूस निघतो. एकदा निघालेला कापूस पुन्हा ओढला की आणखी निघतो. हलणारं टोक, फाटण्याचा आवाज, आतला मऊ लगदा, शिवाय वास. यांतली एकच गोष्ट त्याला बोलवायला पुरेशी असताना पॅडमध्ये चारही आहेत.

त्यात वयाची भर. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि काहीतरी चावलं की बरं वाटतं. म्हणून चावणं बंद करायला जाऊ नका, ते होणारच नाही. चावण्याची वस्तू बदलता येते, आणि सगळे उपाय तिथूनच निघतात.

पॅड कसं मांडायचं

पहिलं काम कोपरे लपवायचं. पॅड अडकवायचा चौकटीचा ट्रे पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. पॅड ट्रेमध्ये पसरायचं आणि वरून चौकट दाबून बसवायची, की चारही कडा आत जातात. पिल्लू फारच चिवट असेल तर वर जाळी असलेला ट्रे घ्या. शू जाळीतून खाली पॅडवर जाते आणि दातांना पॅड सापडतच नाही. जाळीची भोकं इतकी बारीक हवीत की पिल्लाची बोटं किंवा नखं अडकणार नाहीत. पॅड जागेवर राहावं म्हणून टाचण्या, स्टेपलच्या पिना किंवा कागदाचे चिमटे मात्र कधीच लावू नका. पॅडबरोबर तेही पोटात जातील.

दुसरं काम जागेचं. पॅड अंथरुणाला लागून ठेवलं तर पिल्लू त्याला आपल्या गादीचाच भाग समजतं आणि लोळता लोळता चावायला घेतं. कुत्रा सहसा झोपायच्या जागी घाण करत नाही. या सवयीचा उपयोग करून घ्या. कुंपणासारखा प्लेपेन असेल तर एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला पॅड आणि मध्ये खेळणी, अशी मांडणी करा.

तिसरं काम वेळेचं, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो यानंच. पॅड दिवसभर उघडं पडून असेल तर कंटाळलेलं पिल्लू त्याच्यावर जाणारच. घरात माणूस असेल तेव्हा पॅड फक्त गरजेच्या वेळी टाका. त्या वेळा ठरलेल्या असतात: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर तासा-दोन तासांनी न्यावं लागतं. पॅडवर न्या, शांत उभे राहा, बोलू नका, खेळू नका. शू झाली की लगेच, तिथेच, खाऊचा बारीक तुकडा द्या आणि कौतुक करा. मग पिल्लाला तिथून हलवा आणि पॅड उचला. पॅडवर जायचं, काम उरकायचं, खाऊ घ्यायचा आणि निघायचं, हा क्रम एकदा बसला की पॅडवर रेंगाळायला कारणच उरत नाही.

तोंडाला दुसरं काम

पॅड काढून घेतलं तरी हिरड्यांची शिवशिव थांबत नाही, म्हणून पर्याय समोर हवा. रबराच्या पोकळ खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून ते फ्रीझरमध्ये गोठवा. पिल्लू बराच वेळ चाटत बसतं आणि गारव्यानं हिरड्यांनाही आराम पडतो. जुना नॅपकिन ओला करून, पिळून, पीळ देऊन गोठवला तर तोही चालतो. मात्र तुमच्या देखत द्यायचा आणि धागे निघू लागले की काढून घ्यायचा. ज्याला फाडण्याचीच हौस आहे त्याला खाऊचे दोन दाणे टाकलेला साधा पुठ्ठ्याचा खोका द्या. चिकटपट्टी आणि पिना आधी काढून टाका. पिल्लू पुठ्ठा गिळतंय असं दिसलं तर हा खेळ बंद करा.

चघळायची वस्तू घेताना ती अंगठ्याच्या नखानं दाबून पाहा. नख जराही रुतलं नाही तर ती पिल्लाच्या दातांना फार कडक आहे. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि झायलिटॉल घातलेलं पीनट बटर कुत्र्याला विषारी आहे.

झोपेकडेही लक्ष असू द्या. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. पाहुण्यांची वर्दळ आणि मुलांचा दंगा यात झोप मोडली की चिडचिड्या बाळासारखं तेही काबूबाहेर जातं आणि संध्याकाळी दिसेल ते फाडत सुटतं. अशा वेळी त्याला शांत कोपऱ्यात झोपवणं हाच उपाय.

पकडलंत, तर पुढे काय?

पिल्लाच्या तोंडात पॅड दिसलं की हातातलं काम टाकून, ओरडत धावायचा मोह होतो. पिल्लाला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो, किंवा हिसकावून घेतील या भीतीनं ते तोंडातलं पटकन गिळून टाकतं. त्याऐवजी शांतपणे जवळ जा, खाऊ नाकासमोर धरा, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा आणि खाऊ द्या. तुकडे उचलताना चार दाणे बाजूला फेका, म्हणजे ते तिकडे गुंतेल. मग लगेच त्याचं खेळणं पुढे करा. ‘सोड’चा सराव एरवी साध्या खेळण्यावर करा आणि सोडल्यावर ते खेळणं त्याला परत द्या. सोडलं तरी नुकसान होत नाही, हा विश्वास बसला की मोठं झाल्यावरही ते तोंडातली वस्तू बिनतक्रार देतं.

फाटलेल्या पॅडवर नाक घासणं, मारणं, तासाभरानं येऊन दटावणं याचा उपयोग नाही. मागच्या कृतीचा आणि आत्ताच्या शिक्षेचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं.

कुत्र्यांसाठीचा कडू स्प्रे मिळतो. तो लावायचा असेल तर फक्त कडांवर. मधल्या भागावर मारला तर पिल्लू पॅडवर यायचंच टाळेल. काही पिल्लांना ती चव चालते, त्यामुळे एकट्या स्प्रेवर विसंबू नका. तिखट किंवा मिरपूड कधीही लावू नका, डोळ्यांची आणि नाकाची आग होते. फरशीवर सांडलेली शू पुसायला अमोनिया असलेलं क्लीनर नको, त्याचा वास पिल्लाला लघवीसारखाच वाटतो. फिनाइलही टाळा, ते चाटण्यात आलं तर अपाय होतो. एन्झाइम असलेलं क्लीनर वापरलं की वास मुळातून जातो.

एवढं करूनही पॅड टिकत नसेल तर प्रकारच बदला. गादीसारखे शिवलेले, धुता येणारे कापडी पॅड जाड असतात आणि त्यांच्या कडा सहज उसवत नाहीत. बाल्कनीत कृत्रिम हिरवळीचा ट्रे किंवा खऱ्या गवताची कुंडीवजा पेटीही ठेवता येते. बाहेर गेल्यावर गवत पायाला ओळखीचं वाटतं, हा आणखी एक फायदा. बदल एकदम करू नका. काही दिवस जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवा.

डॉक्टरांकडे कधी?

फाडणं आणि गिळणं यांत मोठा फरक आहे. फाडलेले तुकडे जुळवून पाहा, किती कमी आहेत ते लगेच कळतं. शोषून घेणारे दाणे सहसा विषारी नसतात, पण ते पोटात फुगतात, आणि कापूस व प्लॅस्टिक आतड्यात अडकू शकतं. मोठा तुकडा गेला असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, त्यानं जिवावर बेतू शकतं. वारंवार उलट्या, खाण्याकडे पाठ, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं, मलूल पडून राहणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्टरांना ‘पॅड खाल्लंय’ हे आवर्जून सांगा, कारण कापड आणि प्लॅस्टिक साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही आणि सोनोग्राफी करावी लागते.

पिल्लू पॅड, माती, कागद असं सगळंच रोज गिळत असेल तर शी तपासून घ्या आणि जंतांचं औषध वेळेवर झालं आहे ना ते पाहा. दात येऊन गेल्यावरही हे चालू राहिलं तर सवय समजून सोडून देऊ नका, त्यामागे आजारही असू शकतो.

लसी पूर्ण झाल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की पॅड रोज थोडं थोडं दाराकडे सरकवा. बाहेर ठरलेल्या जागी सुरुवातीला वापरलेल्या पॅडचा तुकडा ठेवा, वासावरून पिल्लाला जागा कळते. तिथे काम उरकलं की तो तुकडा उचलून कचऱ्यात टाका. घरातल्या सगळ्यांनी एकच वेळापत्रक आणि एकच शब्द पाळला तर ही सवय लवकर लागते. आईनं ‘सोड’ म्हणायचं आणि मुलानं ओढाओढीचा खेळ करायचा, असं चाललं तर ती लागत नाही. म्हणून पिल्लाला शिकवायला घेण्याआधी घरातली माणसं एकत्र बसवा आणि नियम ठरवा.