दहा वर्षांची मुदत आणि केडगावचा मळा

केडगाव हे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं स्टेशन. दौंड तालुका पावसाच्या बाबतीत कायम हात आखडलेला. या पट्ट्यात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुमारे शंभर एकर जमीन घेतली, ती अनाथाश्रमासाठी नव्हे, फळबागेसाठी. संत्री, लिंबं, आंबे लावायचे, झाडं फळाला आली की त्या उत्पन्नावर पुण्यातली विधवांची शाळा चालवायची, असा बेत होता. शाळेचा खर्च तोवर अमेरिकेतून येत होता आणि त्या मदतीला दहा वर्षांची मुदत होती. मुदत संपल्यावर काय, या प्रश्नाचं उत्तर रमाबाई त्या जमिनीत लावत होत्या.

विधवांसाठी परदेशातून पैसा आणणाऱ्या ख्रिस्ती संस्था पुढे पुष्कळ निघाल्या. पण देणाऱ्याची मुदत संपायच्या आत घेणाऱ्याने पायावर उभं राहायची तजवीज करणं, तेही त्या काळात आणि एका विधवेने, हे केडगावात पुढे उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनचं वेगळेपण आहे.

1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधवी गेले तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि मुलगी मनोरमा तान्ही होती. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला पोचल्या. पुढे दोन-अडीच वर्षं त्या अमेरिकाभर बोलत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक 1887 मध्ये निघालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ या नावाने छोटी मंडळं निघाली. सभासदांनी दरसाल ठरलेली वर्गणी द्यायची आणि हे दहा वर्षं चालवायचं, असा करार झाला.

संघटनेत वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची माणसं होती आणि सगळ्यांना एक अट मान्य होती: या पैशातून निघणाऱ्या शाळेत धर्माची शिकवण द्यायची नाही. दिलेला पैसा जपण्याची या मंडळांची वृत्तीही कडवी होती. विवेकानंदांनी अमेरिकेत हिंदू विधवांच्या स्थितीचं जे सौम्य चित्र रंगवलं त्यावर 1895 मध्ये ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलने जाहीर वाद घातला. दानाचं आवाहन करायचं तर दुःख ठळक दाखवावं लागतं आणि ते दाखवलं की देशाची बदनामी झाल्याची ओरड होते. ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत ही शाळा शारदा सदन या नावाने सुरू झाली. पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. सोवळंओवळं आणि जातीचे जेवणाचे नियम पाळायची इथे मोकळीक होती, म्हणूनच ब्राह्मण घरांतल्या बालविधवा येऊ शकल्या. पहिली विधवा विद्यार्थिनी होती देवरुखकडची गोदूबाई. याच गोदूबाईंशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. ज्या हिंगण्याच्या आश्रमाचं नाव महाराष्ट्र आदराने घेतो, त्याच्या संस्थापकाच्या घरात शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी होती, हा धागा अनेकदा सुटतो.

त्याच 1893 साली वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. ‘केसरी’ने रान उठवलं. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखी सुधारक मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की मुलींना मी बोलावत नाही आणि आलेल्यांना हाकलणारही नाही. आज दोन्ही बाजू समजून घेता येतात. लेकीबाळी ज्या भरवशावर पाठवल्या तो मोडला, असं पालकांना वाटणं स्वाभाविक होतं. पण विधवेला कुठल्या खोलीत बसायचं हे स्वतः ठरवण्याचा अधिकार असतो का, हा त्याहून अवघड प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारलाच नाही.

मग दुष्काळ आला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. 1870 च्या दशकात रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण अशाच दुष्काळी उपासमारीत गेले होते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढा जमाव शहरात ठेवायला परवानगी मिळेना, तेव्हा सगळ्यांना केडगावच्या मळ्यात आणलं. तंबू ठोकले, घाईने झोपड्या उभारल्या आणि फळबागेच्या जागी वसाहत झाली. तिचं नाव मुक्ती. 1899-1900 च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्यातून आणखी माणसं आली. तिथल्या रहिवाशांचा आकडा दीड हजारांच्या वर गेला.

इथे संस्थेचं रूप पालटलं. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. केडगावात आलेल्या मुली खेड्यापाड्यांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, हाडांचे सापळे झालेल्या. कुणी विधवा, कुणी पोरकी, कुणी रस्त्यावर दलालांच्या हाती लागता लागता वाचलेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. समाजाने ओवाळून टाकलेल्यांमध्येही जी उतरंड असते, तिच्या तळाशी असलेल्यांपर्यंत रमाबाई केडगावात पोचल्या.

दीड हजार पोटं रोज कशी भरायची? दहा वर्षांचा करार 1898 मध्ये संपत आला. रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या आणि संघटना नव्या रूपाने चालू राहिली. पण मुक्तीचा पसारा ठरलेल्या वर्गणीत मावणारा नव्हता. इंग्लंडमध्ये अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या पद्धतीवर रमाबाईंचा विश्वास होता: कायम उत्पन्नाची हमी न मागता प्रार्थना करायची आणि येईल ते वापरायचं. या श्रद्धेच्या जोडीला त्यांनी कामाची घडी बसवली, आणि संस्था खरी टिकली ती या घडीमुळे. शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धुलाई, भटारखाना, शाळा, दवाखाना. आधी आलेल्या बाईने नंतर आलेलीला शिकवायचं. शारदा सदनात तयार झालेल्या मुली मुक्तीत शिक्षिका आणि देखरेखीच्या बाया झाल्या. मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी मिशनरी मदतीला होत्या, पण रोजचा गाडा या बायकांच्या हातांवर चालत होता.

या कामांत सगळ्यात नवलाचं काम छापखान्याचं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणायचं रमाबाईंनी मनावर घेतलं. उतारवयाकडे झुकताना त्या या भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सगळं मुक्तीतल्या मुली-बायकांनी केलं. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या पोरी कंपोझिटर झाल्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मनोरमाबाई त्याआधीच, 1921 मध्ये गेल्या होत्या. संपूर्ण बायबल बाहेर पडलं ते त्यानंतर.

धर्माचा प्रश्न टाळून मुक्तीबद्दल लिहिणं अप्रामाणिक ठरेल. शारदा सदनाची तटस्थता केडगावात नव्हती. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती. 1905 मध्ये तिथे झालेलं धार्मिक पुनरुज्जीवन जगभरच्या पेंटेकॉस्टल पंथाच्या इतिहासात नोंदलं गेलं. अन्न देणाऱ्याचा धर्म भुकेल्या पोरीने घेतला तर त्यात तिची निवड किती, हा सवाल रास्त आहे आणि त्याचं सोपं उत्तर नाही. पण रमाबाईंना मिशनऱ्यांच्या हातातलं बाहुलं म्हणणाऱ्यांनी त्यांचा पत्रव्यवहार पाहावा. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुषांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी खडसावून उत्तर दिलं. वँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनींनी आसरा दिला, त्यांच्याशीही धर्ममतांवरून वाद घातला. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे हाल होतात, असं त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. 1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं, पण त्यांची जीभ त्याच्या आधीही नंतरही कुणाच्या पदरी बांधलेली नव्हती.

महाराष्ट्राने मात्र त्यांना बराच काळ परकं मानलं. कर्वे आपले आणि रमाबाई मिशनच्या, अशी वाटणी होऊन गेली. 1989 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी शारदा सदन उघडलं होतं.

संस्था आज पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने केडगावातच चालते. निराधार स्त्रिया, सोडून दिलेल्या मुली, अंध आणि अपंग यांना तिथे आसरा आहे. शाळा आहे, इस्पितळ आहे, आणि परदेशातल्या मंडळींची मदतही आहे. म्हणजे फळबागेच्या उत्पन्नावर परदेशी वर्गणीतून मोकळं व्हायचा रमाबाईंचा मूळ बेत पुरता साधला नाही. दुष्काळाने तो हिशेब मोडला आणि मग कुठल्याच शंभर एकरांना तो पेलणारा नव्हता. पण त्या बेतामागचा विचार टिकला. विधवेच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्या कुठल्याही संस्थेला, मग ती कुठल्याही धर्माची आणि कुठल्याही देशातली असो, केडगावच्या मापाने मोजता येतं. किती बायकांना जेवू घातलं हे सगळ्याच संस्था सांगतात. त्या जेवणाऱ्यांतल्या कितीजणी पुढे शिकवू लागल्या, छापू लागल्या, कोठाराच्या किल्ल्या सांभाळू लागल्या, हे विचारायला हवं. रमाबाईंनी हा प्रश्न देणगीदाराच्या आधी स्वतःला विचारला, म्हणून मुक्ती त्यांच्या पश्चात शंभर वर्षं चालू शकली.