सहा व्होल्टांची जीप

महायुद्धाच्या काळात बनलेल्या बहुतेक विलीज जीपना किल्ली नव्हती. इग्निशनचा खटका फिरवायचा आणि ॲक्सिलरेटरजवळचे बटण पायाने दाबायचे. बटणाच्या आत तांब्याचा जाड संपर्क असतो. तो दाबला की बॅटरी थेट सेल्फला जोडली जाते. मध्ये रिले नाही, सोलेनॉइड नाही. इतकी साधी रचना असूनही ऐंशी वर्षांनंतर तीच गाडी सुरू होताना सगळ्यांत जास्त रडवते, आणि दोष मात्र प्रत्येक वेळी सेल्फच्या किंवा बॅटरीच्या माथी मारला जातो.

१९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. चार सिलिंडर, २१९९ सीसी, साठ अश्वशक्ती. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीजची जुळणी सुरू केली आणि जीप आपल्याकडे गावोगाव पोचली. पण मूळ युद्धकालीन गाडीची खूण म्हणजे तिची सहा व्होल्टांची बॅटरी, आणि तिच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ तिथेच आहे.

तंजावरसारख्या मुलखात हे दुखणे लवकर वर येते. कावेरीचे कालवे, चहूकडे भातशेती, पूर्वेला फार लांब नसलेला समुद्र. आपला पाऊस जूनमध्ये येतो. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. ते तीन महिने जीप शेडमध्ये नुसती उभी राहिली, तरी ओल्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड धरते, अर्थिंगच्या नटबोल्टखाली गंज शिरतो. बाहेरून काही दिसत नाही. बटण दाबले की सेल्फ कण्हतो, इंजिन अर्धा फेरा घेते आणि थांबते.

याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. सेल्फ फिरताना दीडशे अँपिअर ओढतो असे धरू. वाटेत एका गंजक्या सांध्यात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला, तर तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतो. सहापैकी दीड, म्हणजे पाव भाग गेला. तेवढ्याच ताकदीचा सेल्फ बारा व्होल्टांच्या गाडीत पंच्याहत्तर अँपिअर घेईल; त्याच सांध्यात पाऊण व्होल्ट जाईल, म्हणजे सोळावा भाग. जो गंज दुसऱ्या गाडीत जाणवतही नाही, तो जीपला जागच्या जागी बसवतो. बाजारात सहज मिळणारी बारा व्होल्टांची बारीक केबल घालूनही हेच होते. जीपला बोटाएवढी जाड तांब्याची केबल लागते.

म्हणून भाग बदलण्याआधी मोजावे. मल्टिमीटर व्होल्टवर लावून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवायचे. क्लँपवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरे टोक सेल्फच्या बोल्टवर. इग्निशन बंद ठेवून दुसऱ्याने बटण दाबायचे. पाव व्होल्टापेक्षा जास्त दिसले तर करंट वाटेत अडतो आहे. मग एकेक सांधा मागे यायचे: केबलचे टोक, पायाच्या बटणाचे दोन बोल्ट, क्लँप. बटणाच्या आतला तांब्याचा संपर्क ठिणग्यांनी काळा पडलेला असतो, आणि कितीतरी वेळा चोर तिथेच सापडतो. त्यानंतर तीच तपासणी निगेटिव्ह बाजूला, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत.

ही निगेटिव्ह बाजू सगळे विसरतात. बॅटरीची अर्थ केबल चॅसिसला जाते, पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. चॅसिस आणि इंजिन यांना जोडते ती विणलेली तांब्याची पट्टी. ती तुटली, किंवा तिच्याखाली रंग असला, तर करंटला परतीची वाट उरत नाही. मला सर्वांत वाईट वाटते ते इथे: कोणी हौसेने चॅसिस उघडी करून ऑलिव्ह हिरवा रंग मारतो, प्रत्येक बोल्ट चकचकीत करतो, आणि नेमक्या त्याच रंगामुळे गाडी मरते. मूळ जीपमध्ये रेडिओतली खरखर थांबवायला अशा कितीतरी पट्ट्या असत आणि त्यांच्याखाली दातेरी वॉशर. ते दात रंग फोडून लोखंडाला भिडत. रंग माराच, पण अर्थिंगच्या जागी पत्रा खरवडून उघडा ठेवा, वॉशर घाला, आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावा.

आणखी एक लक्षण पाहा. सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही, आणि बटणावरून पाय उचलताच त्या क्षणी पेट घेते. यात कार्ब्युरेटरला हात लावू नका. सेल्फने सगळे व्होल्टेज खाल्ले, कॉइलला उरले नाही, ठिणगी कमजोर पडली. पाय सुटताच कॉइलला पुरेसे मिळाले. हँडल मारून किंवा धक्का देऊन गाडी चटकन सुरू होत असेल तर इग्निशन ठीक आहे. ती तशीही सुरू होत नसेल, तर पॉइंट आणि कंडेन्सरकडे वळायचे. पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. फिलर गेजनेच लावावी, अंदाजाने नको.

बारा व्होल्टांची बॅटरी बसवून टाका, असा सल्ला हमखास मिळतो. सेल्फ जोरात फिरतो खरा, पण फ्लायव्हीलच्या दात्यांवर आपटतो. कॉइल तापते, पॉइंट जळतात, बल्ब उडतात. अमेरिकी सैन्याने १९५० मध्ये एम-३८ जीपला चोवीस व्होल्ट दिले, तेव्हा सबंध विद्युत यंत्रणाच नव्याने आखली. नुसती बॅटरी बदलणे ही दुरुस्ती नाही.

तंजावरच्या सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबारी डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे चित्रांसह लिहिली जात; त्यांतली काही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. गाडीचीही अशी वही ठेवा. स्थिर बॅटरीचे व्होल्टेज (पूर्ण भरलेली असेल तर साधारण ६.३), सेल्फ फिरतानाचे व्होल्टेज (४.८ च्या खाली जाऊ नये), प्रत्येक सांध्यात पडणारे व्होल्टेज, सोबत तारीख. तंजावरात ही तपासणी सप्टेंबरात आणि जानेवारीत, महाराष्ट्रात मेमध्ये आणि ऑक्टोबरात करावी. सहा व्होल्टांवर हात बसलेले जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आता मोजके उरले आहेत. तुमच्या गावात असा कोणी असेल, तर पुढच्या तपासणीला त्याच्याबरोबर एखाद्या तरुण मुलाला उभे करा आणि वही त्या मुलाच्या हाती द्या.