गाडीची ‘गारी’ कशी झाली?

पनवेलच्या बाजारात किंवा तुझ्या वर्गात हे वाक्य कधी कानावर पडलंय का? ‘मना गारी पायजे!’

ओळख पाहू याचा अर्थ! बरोब्बर! ‘मला गाडी पाहिजे!’

ही आहे आगरी बोली. पनवेल, उरण, पेण, अलिबाग भागात ती बोलतात. आगर म्हणजे मिठागर. खाडीचं खारं पाणी अडवून मीठ पिकवायचं आणि भातशेती करायची, हा आगरी लोकांचा जुना उद्योग.

आता ऐक हं. आगरीत ‘पाणी’ होतं ‘पानी’. ‘काळा’ होतो ‘काला’. म्हणजे ण चा न आणि ळ चा ल. सोपं आहे ना?

खरी गंमत ‘ड’ची! ‘घोडा’ होतो ‘घोरा’, ‘गाडी’ होते ‘गारी’. मग ‘डोळा’ काय होईल? ‘रोला’? अंहं! ‘डोला’! शब्दाच्या सुरुवातीचा ड सहसा जागचा हलत नाही. मधला ड मात्र र होतो!

असं का बरं? आपण करूनच बघू. मोठ्यानं म्हण ‘डबा’. जीभ टाळूला पक्की टेकली ना? आता भरभर म्हण ‘गाडी, गाडी, गाडी’. जीभ नुसती टाळूला चाटून गेली! हा हलका ड र च्या अगदी शेजारी राहतो. आगरीनं एकच पाऊल पुढं टाकलं आणि झाली ‘गारी’!

म्हणजे हे चुकीचं मराठी नाहीच मुळी! गल्लीगल्लीत क्रिकेटचे नियम वेगळे असतात ना? कुठं ‘वन टप आउट’, कुठं भिंतीपलीकडे बॉल गेला की आउट. पण प्रत्येक गल्लीत नियम असतोच, आणि तो सगळे पाळतात. बोलीचंही तस्संच!

थेट ग्रीसमध्येही हेच चालायचं! अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सचे लोक आईला ‘मेतेर’ म्हणत. स्पार्टाचे लोक म्हणत ‘मातेर’. संस्कृतातली ‘माता’ आठवली? ग्रीक आणि संस्कृत या दूरच्या बहिणीच! मूळचा आवाज ‘आ’च होता. बदलला तो दिमाखदार अथेन्सनं. स्पार्टाच्या डोरिक बोलीनं मात्र तो जपला! आणि विश्वास बसेल? त्या डोरिकची लेक, त्साकोनियन, ग्रीसच्या काही गावांत अजून बोलली जाते.

आपल्या आगरीचीही जुनी नोंद आहे बरं का! जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतभरच्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात आगरी आहे!

आता तुझी पाळी. आगरी बोलणारी एखादी आजी गाठ. ‘मधला ड’ असलेले शब्द तिला विचार आणि ती म्हणेल तस्सेच वहीत उतरव. एखादा ड नियम मोडताना सापडला, तर आम्हाला नक्की कळव!