पाठीवर शिधा, वाटेत गाव

मॅक्स पॅच हा सुमारे 1,400 मीटर उंचीचा बोडका डोंगरमाथा. तिथून उत्तरेला निघालेली पायवाट 32 किलोमीटर जंगलातून चढत-उतरत फ्रेंच ब्रॉड नदीच्या खोऱ्यात येते. शेवटचा उतार सरतो आणि पायांखाली एकदम डांबर लागतं. झाडांच्या खोडांवर वाट दाखवणारे पांढरे पट्टे आता दिव्याच्या खांबांवर दिसतात. फुटपाथमध्येही पायवाटेची खूण बसवलेली आहे. हे उत्तर कॅरोलायनातलं हॉट स्प्रिंग्ज, पाच-सहाशे वस्तीचं गाव. अपालाचियन ट्रेल त्याला वळसा घालत नाही, भर बाजारपेठेतून जाते.

जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत 14 राज्यांतून सुमारे 3,500 किलोमीटर ही वाट पसरली आहे. एका दमात ती पुरी करायला पाच ते सात महिने लागतात. हॉट स्प्रिंग्जला पोचेपर्यंत त्यातले जेमतेम 440 किलोमीटर झालेले असतात. तरी इथे पोचलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मुक्काम गाठल्याचा आनंद असतो, आणि त्याचं कारण त्याच्या रिकाम्या पिशवीत असतं.

कितीही काटेकोर घेतला तरी एका दिवसाचा कोरडा शिधा पाऊण ते एक किलो भरतो. पाच दिवसांचे चार-पाच किलो, त्यावर तंबू, अंथरूण, चूल, पाणी. त्यामुळे कोणी कटाडिनपर्यंतचा हिशेब करत नाही, पुढच्या गावापर्यंतचा करतो. आपल्या वारीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आहे. दिंडीचं सामान आणि स्वयंपाकाची भांडी ट्रकमधून पुढच्या तळावर जातात, वारकऱ्याच्या खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ. नर्मदेच्या परिक्रमेत सदावर्त आहे, गावोगावी परिक्रमावासीयाला शिधा मिळतो. अमेरिकेतल्या या डोंगररांगेत तशी परंपरा नव्हती. जे खायचं ते विकत घ्यायचं आणि पाठीवर वाहायचं.

बेंटन मकाय या नियोजनकाराने 1921 साली या वाटेची कल्पना मांडली, तेव्हा त्याने अन्नाचाही विचार केला होता. नुसती पायवाट त्याला पुरेशी वाटत नव्हती. वाटेलगत वसाहती असाव्यात, शेती करून अन्न पिकवणाऱ्या छावण्या असाव्यात, असं त्याच्या लेखात आहे. 1937 पर्यंत वाट सलग झाली, छावण्या मात्र कागदावरच राहिल्या. ते काम मग आधीपासून असलेल्या लहान गावांवर येऊन पडलं. मला या वाटेच्या इतिहासात हे फार मोलाचं वाटतं. 1955 साली 67 वर्षांच्या एमा गेटवूड हाताने शिवलेली एक पिशवी खांद्याला लावून ही सगळी वाट चालल्या, तेव्हा त्यांनीही कित्येकदा वाटेवरच्या अनोळखी घरांची दारं ठोठावली होती.

गावात शिरल्यावर पहिली धाव टपाल कार्यालयाकडे. पत्त्यात आपलं नाव, 'जनरल डिलिव्हरी' आणि गाव एवढं लिहिलं की घरून पाठवलेलं खोकं तिथे ठरावीक दिवस सांभाळून ठेवतात. मात्र शनिवारी दुपारी खिडकी बंद झाली तर सोमवारची वाट पाहावी लागते, म्हणून अनुभवी माणसं चालण्याचा वेग आठवड्याच्या वारांवर बेततात. मग आंघोळ, मग कपडे. सगळेच कपडे धुवायचे असल्यामुळे यंत्र फिरत असताना अंगात नुसती पावसाळी जाकीट-विजार असते. त्यानंतर जेवण. दिवसाला चार हजारांहून जास्त कॅलरी खर्च होतात, तेवढं अन्न पाठीवर नेताच येत नाही, म्हणून शरीर दर टप्प्यात झिजत जातं आणि गावातल्या दोन-तीन जेवणांत त्यातलं थोडं भरून निघतं. ही भूक काही आठवड्यांनंतर इतकी खोल जाते की पोट भरल्यावरही संपत नाही.

खरेदीत चव दुसरी, वजन पहिलं. नूडल्स, शेंगदाण्याचं लोणी, बटाट्याची झटपट भुकटी, चॉकलेटच्या वड्या; आणि पावाऐवजी आपल्या पोळीसारखे तोर्तिया, कारण ते पिशवीत चेंगरले तरी बिघडत नाहीत. मुक्कामाच्या जागी बहुधा एक खोकं ठेवलेलं असतं. जास्तीचा तांदूळ, अर्धं मलम, नको झालेले मोजे त्यात टाकायचे आणि हवं ते उचलायचं. पैसे नाहीत, नोंद नाही. सदावर्ताच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला या वाटेवर दिसत नाही.

एक पाऊलही वाट न चालता काढलेल्या दिवसाला इथे 'झीरो' म्हणतात. टाचांचे फोड सुकतात, गुडघ्यांची सूज उतरते. गावाच्या नावातच असलेले गरम पाण्याचे झरे थकलेल्या पायांना मिळतात ते याच दिवशी.

सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाचा पूर या गावात शिरला, बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी आणि गाळ भरला. वाटेवरच्या पुढच्या अर्विन गावाजवळ वाट ज्या पुलावरून नोलिचकी नदी ओलांडायची तो पूलच वाहून गेला. वाटेवर पडलेली झाडं करवतीने कापून बाजूला करता येतात. शिधा देणारं दुकान बुडालं तर मात्र मागचा आणि पुढचा असे दोन्ही टप्पे अडतात, आणि त्या दुकानदाराचं घरही तिथेच गाळात असतं.

हॉट स्प्रिंग्जहून अर्विन सुमारे 110 किलोमीटर. पाच-सहा दिवसांचं अन्न भरून निघताना पाठीवरची पिशवी सगळ्यात जड असते. फ्रेंच ब्रॉडवरचा पूल ओलांडायचा, थोडं अंतर नदीच्या कडेने सपाट चालायचं, आणि मग लव्हर्स लीपच्या कड्याकडे उभा चढ लागतो. वर पोचून मागे पाहिलं की खाली नदीचं वळण दिसतं, आणि त्या वळणाशी गावाची छपरं.