तीन टक्क्यांची गोष्ट आणि सेमिस्टरचा हिशेब

कॉलेजच्या सभागृहात करिअर मार्गदर्शनाचं व्याख्यान असलं की येल विद्यापीठाची गोष्ट बहुधा येतेच. १९५३ च्या पदवीधरांपैकी फक्त तीन टक्क्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती. वीस वर्षांनी पाहिलं, तर त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त भरली! कधी येलच्या जागी हार्वर्ड येतं, साल बदलतं, टक्के मात्र तेच. मुलं वहीत उतरवून घेतात. असा अभ्यास झाल्याचा पुरावा मात्र कुणालाच सापडलेला नाही. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने १९९६ मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा ही गोष्ट सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि खुद्द येलकडे अशा पाहणीची नोंदच निघाली नाही.

म्हणून ध्येय लिहिणं फुकट, असं मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या डॉमिनिकन विद्यापीठाच्या गेल मॅथ्यूज यांनी याच गोष्टीमुळे खराखुरा प्रयोग केला. चार आठवड्यांच्या त्या प्रयोगात १४९ जण शेवटपर्यंत टिकले. नुसतं मनात ठरवणाऱ्यांपेक्षा लिहिणारे पुढे गेले. पण सगळ्यांत पुढे गेले ते, ज्यांनी काय काय करणार हे लिहिलं आणि दर आठवड्याला एका मित्राला प्रगती कळवली. आपल्याकडे गळतो तो नेमका हा दुसरा भाग. जूनमध्ये नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं ध्येय मार्चपर्यंत कुणी उघडून बघत नाही.

‘ध्येय नेमकं आणि मोठं असावं’ हे वाक्य अर्धं खरं आहे. एडविन लॉक यांनी १९६८ पासून आणि पुढे गॅरी लॅथम यांच्या साथीने केलेल्या संशोधनातून हे दिसलं, की ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की काम सरस होतं. पण काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल, तर निकालाच्या आकड्यापेक्षा शिकण्याचं ध्येय जास्त उपयोगी पडतं, हेही लॅथम यांच्याच पुढच्या अभ्यासांतून समोर आलं. व्याख्यानांत हा भाग सहसा येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने नुकतंच पायथन हातात घेतलंय. ‘बारा लाखांचं पॅकेज’ हे ध्येय तिला आज संध्याकाळी काय करायचं ते सांगत नाही. ‘दिवाळीपर्यंत डिपार्टमेंटच्या लायब्ररीची पुस्तकं कुणाकडे आहेत हे दाखवणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहीन, जिथे अडेन ते टिपून ठेवीन’ हे सांगतं. (प्रत्येक स्लाइडवर दिसणारं ‘स्मार्ट’ सूत्रही जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी मांडलं होतं, एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी नव्हे.)

आता मागे वळून बघण्याबद्दल. बहुतेकांचा आढावा निकालाच्या दिवशी सुरू होतो आणि सीजीपीएपाशी संपतो. त्यातही एक घोटाळा असतो: ‘सीजीपीएला ९.५ ने गुणलं की टक्के.’ ही पद्धत सीबीएसईच्या दहावीची होती. विद्यापीठांची सूत्रं वेगळी असतात, एकमेकांपेक्षाही वेगळी. ६.५ सीजीपीए घ्या. साडेनऊने गुणलं तर ६१.७५ टक्के होतात. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के. त्या हिशेबाने ६.५ चे होतात ५७.५. बऱ्याच कंपन्यांची पहिली चाळणी साठ टक्क्यांची असते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. मुलगा स्वतःला पात्र समजून वर्षभर निवांत राहतो आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाहेर पडतो. आपल्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात असतं. ते पहिल्याच वर्षी शोधावं. एटीकेटी राहिली असेल तर ‘चालू बॅकलॉग’ला परवानगी आहे का, हेही त्याच वेळी बघावं.

गुणांच्या खालोखाल मोजली जातात ती सर्टिफिकिटं. हा गैरसमज मला जास्त महाग वाटतो, कारण त्यात पैसेही जातात. चौदा ऑनलाइन कोर्स, तीन ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’, एक वेबिनार. फाइल जाड होते, पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘यात तुम्ही नक्की काय केलंत?’ बी.कॉम.च्या मुलाने ‘टॅली येतं’ असं लिहिणं वेगळं. ‘एका किराणा दुकानाची तीन महिन्यांची खरेदी-विक्री टॅलीत भरली, बँक स्टेटमेंटशी जुळवली, दोन नोंदी जुळत नव्हत्या त्या शोधल्या, जीएसटीआर-१ साठी बिलांची यादी काढून दिली’ हे वेगळं. दुसऱ्या वाक्यावर वीस मिनिटं बोलता येतं. सेमिस्टरचा आढावा घ्यायचा तो असा: गेल्या सहा महिन्यांत अशी किती वाक्यं माझ्या नावावर जमा झाली? एखादं असलं तरी पुरे. शून्य असेल, तर पुढच्या सेमिस्टरचं ध्येय वेगळं शोधायला नको. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आलेलं ओजेटीही (ऑन जॉब ट्रेनिंग) याच नजरेने बघावं; शिक्का मारून मिळालेल्या पत्राने श्रेयांक मिळतील, वाक्य मिळणार नाही.

‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ हेही ऐकीवच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. बाविसाव्या दिवशी पहाटे उठवलं नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवण्याचं कारण नाही.

राहता राहिली स्पर्धा परीक्षा. ‘प्लॅन बी ठेवला म्हणजे मनापासून तयारी नाही’ हे वाक्य पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून फिरत असतं. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजारांवर अर्ज आले, पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले सुमारे ५ लाख ८३ हजार आणि अखेर शिफारस झाली १,००९ जणांची. उरलेल्या सगळ्यांनी कच्ची तयारी केली होती, असं मानायला आकडेच आडवे येतात. शिवाय मापही बदलतं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, लेखी १,७५० गुण. तोवर ‘रोज किती एमसीक्यू सोडवले’ यावर प्रगती मोजणाऱ्यांना रोज उत्तरं लिहून कुणाकडून तरी तपासून घ्यावी लागली. वर्षातून एकदा अभ्यासक्रम आणि परीक्षा योजना नव्याने वाचणं हा आढाव्याचाच भाग आहे.

यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला सहा संधी आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे, म्हणजे कधी थांबायचं ते आयोगच सांगतो. राज्यसेवेत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे. तिथे थांबायचा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. तो पदवीच्या शेवटच्या वर्षातच लिहून काढावा: किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, पूर्वपरीक्षेत कट-ऑफपासून किती गुणांच्या आत आलो तर पुढचा प्रयत्न, आणि नाही आलो तर कोणती नोकरी किंवा कोणता कोर्स. ही तारीख आई-वडिलांनाही आधीच सांगून ठेवावी. निकाल लागलेल्या संध्याकाळी ती चर्चा नीट होत नाही.